खांद्याचं माप

पूल ओलांडून होईपर्यंत टेपकाकांनी वाटेत दिसलेल्या दोन-तीन माणसांचे खांदे डोळ्यांनीच मोजून घेतले होते, आणि त्यांच्या सुनेला जे सांगायचं होतं ते अजून तिच्या जिभेवरच होतं.

"तो बघ सायकलवाला," पंक्चर काढत बसलेल्या माणसाकडे हनुवटीनं दाखवत ते म्हणाले. "उजवा खांदा उतरलाय त्याचा. जन्मभर एकाच हातानं पंप मारला की दुसरं काय होणार? ह्याला मयताच्या पेटीच्या उजव्या अंगाला लावायचा, म्हणजे डावा खांदा कामी येतो."

"बाबा, तो आपल्या चर्चचा नाही."

"मग? खांद्याचा बाप्तिस्मा झालेला लागतो का?"

सून हसली, आणि हसण्याच्या नादात सांगायचं पुन्हा राहून गेलं. चर्च अजून लांब होतं. पुढे लाकडाची वखार, मग शाळेचं मैदान, मग चढ. चढाच्या आधी सांगायला हवं होतं. चढावर दोघांनाही दम लागणार, आणि वर पोहोचल्यावर तर पेटी समोरच असणार.

टेपकाका म्हणजे तिचे सासरे, पेशानं शिंपी. आता ते नाहीत, पण त्या रस्त्यानं जाताना आजही लोक सुनेला "टेपकाकांची सून" म्हणूनच ओळखतात. तिचं स्वतःचं नाव निम्म्या वस्तीला ठाऊक नसेल. काकांच्या गळ्यात टेप कायम असायची. दुकानात असायची तशी चर्चमधल्या मिस्सेलाही असायची. एकदा नवीन आलेल्या फादरांनी त्यांना विचारलं होतं, "काका, हे कुठल्या संताचं पदक?" काका गंभीरपणे म्हणाले, "फादर, हा संत खोटं बोलत नाही एवढंच मला माहीत आहे. पोट आत ओढून घेणाऱ्याला बरोबर पकडतो." त्यावर फादरांनी नकळत श्वास सोडला, असं काका सांगायचे.

दुकान शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री, आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गिऱ्हाईक कधी बसलं नाही, कारण तिथे लोकांनी न नेलेले कपडे बसलेले असत. शाळेच्या दोन पिढ्यांचे गणवेश त्यांनी शिवले. त्यामुळे वस्तीतल्या कुठल्याही बाप्याकडे बघताना त्यांना आधी त्याची हाफचड्डी दिसायची. बँकेतला साहेब समोर आला तरी म्हणायचे, "हा? ह्याची कंबर चौथीत होती तेवढीच पाचवीतही होती. वाढायचं नावच घेईना."

पण वस्ती त्यांना ओळखायची ती गणवेशापेक्षा मयतासाठी. कुणी गेलं की घरचे लोक दोघांना निरोप धाडत, एक फादरांना आणि एक शिंप्याला. कधीकधी शिंप्याला आधी, कारण तो लगेच सापडायचा. काका मशीनवरचं काम तसंच टाकून निघायचे, आणि पेटी चर्चमधून बाहेर निघायच्या आत खांदेकऱ्यांच्या जोड्या लावून मोकळे व्हायचे. उंचीला उंची, खांद्याला खांदा. चर्चच्या पायऱ्या उतरताना उंच माणसं पुढे, दफनभूमीच्या चढाला तीच माणसं मागे. पेटीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये असा त्यांचा हट्ट. कुणी नवखा उत्साहानं पुढे झाला की काका त्याच्या दंडाला धरून हळूच बाजूला घ्यायचे. "तुझं प्रेम मोठं आहे रे बाबा, पण तू दोन बोटं कमी पडतोस. फुलं धर."

हे वेड त्यांना लागलं ते तरुणपणी. वस्तीतले पेटीमास्तर वारले होते. हार्मोनियम शिकवणारा अत्यंत ताठ माणूस, चालायचा तोसुद्धा ताल धरून. त्या दिवशी हाताला येईल तो माणूस पेटीखाली घुसला. एका अंगाला लंबू, दुसऱ्या अंगाला बुटका. पायऱ्यांवर पेटी अशी कलली की आत धप्प असा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला, आणि सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मास्तरांच्या बायकोनं मात्र डोळे मिटून घेतले. काका घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आपल्या जिवलग मित्राकडे, पोस्टमनकडे गेले आणि म्हणाले, "आपण दोघं सारख्या उंचीचे. ह्यापुढे पुढची जोडी आपली. मी डावीकडे, तू उजवीकडे."

पोस्टमन म्हणाला, "आणि आपल्यातलाच एक आत असला तर?"

"तर दुसऱ्यानं बघायचं की तो धप्प वाजणार नाही."

दोघांनी तिथेच हातावर हात मारला.

आणि आज पेटीत पोस्टमन होता.

म्हणून तर सुनेचे पाय जड झाले होते. रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरांनी तिला चर्चच्या दाराशी गाठलं होतं. "सूनबाई, काकांना आता खांदा देऊ नका म्हणावं. मागच्या वेळी काय झालं ते बघितलंत ना? मी सांगितलं तर मलाच उलट प्रवचन देतील. सोनारानंच कान टोचावेत."

"फादर, घरातला सोनार म्हणजे माझ्या सासूबाई."

सासूबाईंनी हात झटकले होते. "मी सांगितलं तर हट्टानं एकटेच पेटी उचलतील. तू सांग. तुझ्यापुढे आवाज चढवत नाहीत."

काकांचा मुलगा म्हणाला, "मी गाडीनं सोडतो, वाटेत बोलतो." काकांनी त्याला वाटेला लावलं. "मला सोडायची एवढी काय घाई तुला? मयताला चालत जायचं. पाय तापलेले पाहिजेत. गार पायांनी पेटी उचलली की गुडघे कुरकुरतात." मग सासूबाईंनी सुनेच्या हातात छत्री दिली, डोळ्यांनी खूण केली आणि दार लावून घेतलं.

वखार आली. ओल्या भुशाचा वास आणि करवतीचा आवाज. बोलायला तसा बरा आडोसा होता.

"बाबा," सून म्हणाली, "मागच्या वेळी, त्या नर्सबाईंच्या वेळी..."

"हां, ते!" काकांनी वाक्य तिच्या हातातून काढूनच घेतलं. "बेकरीवाल्याचा पोरगा. पोस्टमन आजारी पडल्यापासून माझ्या जोडीला तोच असतो. वाढलाय तो."

"चाळिशीला आलाय बाबा तो. दोन मुलांचा बाप आहे. आता कुठला वाढायला?"

"पावाचं खातो, फुगतो."

"फुगतो वेगळं, उंच होतो वेगळं."

"मग त्याच्या बुटाची टाच असेल."

मागच्या वेळी झालं होतं ते असं. पायऱ्या उतरताना काकांचा कोपरा खाली गेला. वरची फुलं घरंगळत त्यांच्या डोक्यावर आली. काका खांदा उंचवायला गेले, टाचा उचलल्या, आणि तोल जाऊन शेवटच्या पायरीवर बसले. बेकरीवाल्याच्या मुलानं पेटी सावरली म्हणून बरं. लोक धावले. काका मात्र फुलं झटकत उठले आणि सगळ्यांदेखत त्यालाच म्हणाले, "कुणाचे बूट घालून आलास?"

तो बिचारा घरी जाऊन बूट तपासून आला होता.

खरं काय ते सुनेला दिसत होतं. घरात सगळ्यांनाच दिसत होतं. गेली काही वर्षं काका आपल्याच पँटींची खालची दुमड वाढवत होते. सासूबाई विचारायच्या, "पुन्हा आखूड केलीत?" काका म्हणायचे, "हल्लीचं कापड धड नाही. धुतलं की लांबतं." सासूबाई सुनेकडे बघायच्या आणि भाजी निवडायला लागायच्या. "ऐकलंस? जगातलं कापड आटतं, आमच्याकडचं लांबतं. चमत्कार म्हणून रोमला पोपना कळवायला हवं." साऱ्या वस्तीचे खांदे पाठ असलेल्या माणसानं स्वतःचं माप घेतलं होतं ते लग्नाच्या कोटासाठी, आणि तेच अजून धरून ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मैदान लागलं. कडेच्या भिंतीच्या सावलीनं दोघं चालत होती. सुनेनं मनातल्या मनात एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हटली आणि तोंड उघडलं. पण शब्द आले ते भलतेच.

"माझे वडील गेले तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?"

काकांनी चालता चालता तिच्याकडे पाहिलं. "कुणी नाही. दुकानासमोरून फादर एकटेच घाईनं चालले होते. घाईतला फादर म्हणजे एक तर लग्नाला उशीर झालाय, नाही तर मयत आहे. लग्नाचे दिवस नव्हते."

तेव्हा ती, तिची आई आणि वडील या वस्तीत नुकतेच राहायला आले होते. सामान पुरतं लागलंही नव्हतं. वडील अचानक गेले. ओळखीचं कुणी नाही, नातेवाईक लांब. खोलीत पेटी आली होती आणि पेटीजवळ दोन बायका बसलेल्या. आई सारखी म्हणत होती, "उचलायला कोण येणार गं?" तेवढ्यात दारात टेप घातलेला एक माणूस उभा राहिला. त्याच्यामागे पोस्टमन, बेकरीवाला, शाळेचा शिपाई, अशी एकाच उंचीची माणसं, जणू कुणी एकाच कापडातून बेतून आणलेली. आणि शेवटी एक तरुण, मिशी नुकतीच फुटलेला, टाचा उंच करून बापाच्या बरोबरीला यायचा प्रयत्न करणारा. तिनं आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या बापाच्या पेटीखाली.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी सोयरीक जमली तेव्हा सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं, "लोक लग्नात सोयरीक जमवतात, आमच्या ह्यांनी मयतात जमवली. लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता एक भाकरी घरी घेऊन आले." आणि लग्नाच्याच आठवड्यात वस्तीत लागोपाठ दोन माणसं गेली. त्या धावपळीत नवऱ्या मुलाचा कोट राहिला. शिंप्याचा मुलगा कच्चे टाके असलेला कोट घालून वेदीपुढे उभा! फादरांचं प्रवचन चालू असताना मागून सासूबाई वाकून त्याच्या पाठीतले पांढरे दोरे ओढत होत्या, आणि प्रत्येक दोऱ्याबरोबर काकांकडे एकदा बघत होत्या. काकांनी तेवढा वेळ छताची नक्षी पाहून घेतली.

घराकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं मात्र म्हणता यायचं नाही. थंडीत सासूबाईंची कंबर धरायची. काका दुकानातून आल्यावर अंथरुणावरच्या चादरीवर गरम इस्त्री फिरवून ठेवायचे आणि सुनेला दटावायचे, "बाहेर बोलू नकोस. उद्या सगळे नवरे माझ्या दुकानावर मोर्चा आणतील." सुनेनं ते बाहेर कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी सगळ्या बायकांना सांगितलं.

अशा माणसाला सांगायचं की बाबा, तुमच्या जिवलगाला आज दुसरे लोक नेतील.

मैदानाची भिंत संपत आली. पुढे चढ दिसू लागला.

"बाबा, थांबा जरा." ती थांबली. "फादरांनी मला सांगितलंय, आईंनीही सांगितलंय, आणि मलाही वाटतं. आज तुम्ही पेटीला खांदा देऊ नका."

काका थांबले. ते तिच्याकडे वळले.

"त्या पोराच्या बुटापायी?"

"बूट नाही बाबा. तुम्ही उंचीला कमी झालात."

"मी?"

"तुम्ही."

"कोण म्हणतं?"

"तुमच्या सगळ्या पँटी म्हणतात."

हे ऐकून काकांना हसू येईल असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "मी त्याला शब्द दिलाय," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "तुला ठाऊक आहे. उजवीकडे तो होता म्हणून मला कधी बाजूला बघावं लागलं नाही. आज मी बाजूला उभा राहून फुलं धरू?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आता माघार घेऊन चालणार नव्हतं. "आणि पायऱ्यांवर कोपरा खाली गेला तर? त्यांच्याच वेळी तो धप्प आवाज झाला तर?"

काकांनी गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे धरली. "घे माप. भिंतीला टेकतो. खांद्यापासून जमिनीपर्यंत. सरळ घे, सैल सोडू नकोस. सगळ्या बायका टेप सैल सोडतात."

ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, पेटीमास्तरांपेक्षाही ताठ. सुनेनं टेप धरली, खाली बसून आकड्यावर अंगठा ठेवला, आणि अंगठा तसाच ठेवून टेप त्यांच्या हातात दिली. काकांनी आकडा पाहिला. टेप उलटी करून पाहिली. लांब धरून पाहिली.

"टेप जुनी झाली," ते म्हणाले. "ओढून ओढून ताणली गेलीये. ताणलेली टेप कमीच दाखवणार."

"असेल."

"असेल काय, आहेच. उभी राहा तू. तुझा लग्नाचा झगा मीच शिवलाय. खांदा ते जमीन, अजून पाठ आहे मला. तुझंही कमी भरलं की झालं, टेप गुन्हेगार."

ती भिंतीला टेकली. सून अंगानं उंच होती. शाळेत कायम मागच्या रांगेत, आणि स्थळं बघताना या उंचीपायी दोन-तीन ठिकाणी नकारही आला होता. काकांनी खांद्यावर टेपचं टोक ठेवलं, गुडघ्यावर हात देत खाली वाकले आणि आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. सुनेला वाटलं त्यांची कंबर धरली, म्हणून तिनं हात पुढे केला. तो धरून ते उठले.

"किती भरलं?"

"झग्याएवढंच." त्यांनी टेप हळूहळू बोटांभोवती गुंडाळली. "एका धाग्याचा फरक नाही."

मैदानात पोरं चेंडूमागे ओरडत होती. काका तिकडे पाहत राहिले. "म्हणजे मीच आटलो," ते म्हणाले. "आणि त्या गरीब पोराला सगळ्यांसमोर बुटावरून बोललो."

"तो घरी जाऊन बूट बघून आला, बाबा."

"खरंच?"

"त्याच्या बायकोनं सांगितलं."

आता मात्र काकांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी टेपच्या टोकानं डोळे पुसले आणि ती गळ्यात न घालता खिशात ठेवली. "बिचारा. माफी मागायला हवी. दोन पाव जास्तीचे घेईन त्याच्याकडून." दोघं चढाला लागली. काका सावकाश चढत होते, थोडं थांबत, थोडं पुटपुटत. येशूला थडग्यात ठेवायला तरी किती माणसं मिळाली होती, ते म्हणाले, आणि त्यांच्या उंचीचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. जे जवळ होते त्यांनी उचललं. सुनेचं सांगून झालं होतं, पण छातीवरचं ओझं उतरलं नव्हतं. पोस्टमनच्या पेटीच्या डाव्या बाजूला आता कोण, हे तिलाही सुचत नव्हतं. पोस्टमनचा मुलगा बुटका, तिचा नवरा दोन बोटं कमीच राहिलेला, शिपाई वारलेला, बाकीची उंच पोरं नोकरीला लांब.

चर्चचं दार दिसू लागलं. पायऱ्यांशी माणसं जमली होती. बेकरीवाल्याचा मुलगा इकडेच बघत होता आणि काकांना पाहून त्यानं आपला एक पाय हळूच दुसऱ्यामागे लपवला.

काका थांबले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. ही नजर सुनेच्या चांगली ओळखीची होती. दुकानात कापड टेबलावर पसरल्यावर कात्री उचलण्याआधी ते असंच बघायचे.

"बाबा, काय झालं?"

"त्याचा खांदा आणि तुझा खांदा एक आहे."

"बाबा!" तिनं आजूबाजूला पाहिलं. "आपल्यात बायकांनी कधी पेटी उचलली आहे का?"

"नाही उचलली. माझ्या मनाला आजवर हा विचार शिवला नाही, ही माझी चूक." ते खालच्या आवाजात, पण दुकानातल्या घाईनं बोलत होते. "फादरांना मी सांगतो. त्यांनीच तुझ्यावर काम टाकलं ना, मग आता त्यांनी ऐकायला हवं. लोक बोलतील. तुझी सासू पहिली बोलेल, आणि मग दुसरं कुणी बोललं तर त्याच्या अंगावर धावून जाईल. मी पायऱ्यांच्या खाली उभा राहून सांगत राहीन, कधी पाऊल टाकायचं ते. तुझ्या बापाला पोस्टमननं आणि मी मिळून नेलं होतं. त्याला मी शब्द दिलाय, आणि माझा खांदा आता त्या शब्दाला पुरत नाही. डावीकडे, पुढे. आज माझ्या जागी उभी राहशील का गं, पोरी?"